पार्श्वभूमी: ‘वॉकर ए’ नावाचा आठ अक्षरांचा तुकडा

एखादं अनोळखी प्रथिन एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) वापरत असेल का, हे ताडायचं तर आजही त्याच्या क्रमात एक आठ अक्षरी तुकडा शोधतात: आधी जी, मग कुठलीही चार अक्षरं, मग जी-के आणि शेवटी टी किंवा एस.

प्रत्येक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल. जी म्हणजे ग्लायसिन, टी म्हणजे थ्रिओनिन, एस म्हणजे सेरिन. लायसिनला मात्र के, कारण एल ल्यूसिनने अडवलेलं! ही एकाक्षरी लिपी मार्गारेट डेहॉफ यांची. १९६५ साली त्यांनी अमेरिकेत प्रथिनांच्या क्रमांचं पहिलं संकलन छापलं, तेव्हा त्यात जेमतेम ६५ प्रथिनं होती. या कामाचं श्रेय त्यांना फार कमी मिळालं, असं मला वाटतं.

१९८२ मध्ये केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेत जॉन वॉकर, मॅटी सारास्टे आणि सहकाऱ्यांनी एटीपी सिंथेज या एन्झाइमचे क्रम इतर एन्झाइमांशी ताडून पाहिले. बाकी क्रमांत फारसं साम्य नव्हतं. पण सिंथेजच्या बीटा उपघटकात जी-जी-ए-जी-व्ही-जी-के-टी, तर स्नायूंतल्या मायोसिनमध्ये जी-ई-एस-जी-ए-जी-के-टी. एक एटीपी बनवणारं, दुसरं मोडणारं. एटीपी बसायची खोबण मात्र एकाच घडणीची. अ‍ॅडेनिलेट कायनेज या एटीपी वापरणाऱ्या एन्झाइमची रचना तोवर माहीत होती. तिच्या आधारे हा तुकडा एटीपीच्या फॉस्फेटजवळ असणार, असा अंदाज त्यांनी बांधला. खुद्द सिंथेजच्या एफ-वन या एटीपी घडवणाऱ्या भागाची स्फटिकरचना आली १९९४ मध्ये, आणि अंदाज खरा ठरला.

मधल्या काळात, १९८३ मध्ये, गे आणि वॉकर यांना मूत्राशयाच्या कर्करोगातल्या रास प्रथिनाचं सिंथेजशी साम्य आढळलं. रासमध्ये हाच तुकडा जी-ए-जी-जी-व्ही-जी-के-एस असा दिसतो. त्यातला दुसरा जी म्हणजे रासमधलं बारावं आम्ल. त्या कर्करोगात नेमका तोच बदललेला असतो.

पण आठ अक्षरांवर किती विसंबायचं? पहिल्या जागी जीसोबत ए (अॅलनिन) हाही चालवून घेतला, तर वीसही आम्लं सारखीच आढळतात असं धरून हा तुकडा सरासरी ४०,००० जागांमागे एकदा निव्वळ योगायोगाने सापडेल. ई. कोलाय या जिवाणूच्या प्रथिनांतल्या साधारण तेरा लाख आम्लांत असे तीसेक तोतये निघतील. म्हणून पुढे एकट्या तुकड्याऐवजी अख्ख्या डोमेनचा (प्रथिनाच्या स्वतंत्रपणे घडी पडणाऱ्या भागाचा) साचा जुळवायची पद्धत आली. असे साचे साठवणारा पीफॅम हा संग्रह १९९७ चा. त्याच वर्षी वॉकर यांना नोबेल मिळालं, पण ते सिंथेजच्या कामासाठी. या आठ अक्षरांसाठी नव्हे.