सेंट ऑल्बन्स याद्या

सेंट ऑल्बन्स याद्या : कॅनडातून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शिरणाऱ्या परदेशी प्रवाशांच्या, अमेरिकन सरकारने १८९५ ते १९५४ या काळात ठेवलेल्या नोंदी. दोन्ही देशांत विखुरलेल्या कुटुंबांची वंशावळ जुळवताना हे साधन प्रथम हाताळले जाते. व्हरमाँट राज्यातील सेंट ऑल्बन्स हे सीमेजवळचे रेल्वेगाव असून सीमेवरील आगमन-तपासणीची मुख्य कचेरी तेथे असल्याने याद्यांना हे नाव पडले. त्यामुळे त्या एकाच नाक्याच्या असाव्यात असा समज होतो. तो बरोबर नाही. सुरुवातीच्या काळात पश्चिमेकडील वॉशिंग्टन राज्यापासून पूर्वेकडील मेनपर्यंतच्या सर्व सीमेवरील नोंदी या एकाच संग्रहात येत.

१८९५ पूर्वी जमिनीवरून सीमा ओलांडणाऱ्यांची नोंदच होत नसे. न्यूयॉर्कसारख्या बंदरांत तपासणी कडक होऊ लागली, तसे यूरोपातून येणारे अनेक प्रवासी क्वेबेक किंवा हॅलिफॅक्स येथे उतरून तेथून आगगाडीने अमेरिकेत जाऊ लागले. ही वाट बंद करण्यासाठी १८९४ मध्ये अमेरिकन सरकारने कॅनडाच्या रेल्वे व आगबोट कंपन्यांशी करार केला. त्यानुसार अमेरिकन निरीक्षक कॅनडाच्याच बंदरांत बसू लागले. तपासणीत उतरलेल्या प्रवाशाला दाखला मिळे आणि तो सीमेवर गाडीत दाखवावा लागे. संग्रहाचा आरंभ काही ठिकाणी १८९४, तर काही ठिकाणी १८९५ असा दिला जातो. पहिले वर्ष कराराचे व दुसरे उपलब्ध याद्यांचे आहे असे धरल्यास यात विसंगती उरत नाही.

व्याप्ती मात्र सर्व काळ सारखी नाही. साधारण १९१७ पर्यंत संपूर्ण सीमा, त्यानंतर सु. १९२७ पर्यंत माँटॅना-नॉर्थ डकोटा रेषेच्या पूर्वेकडचा भाग आणि पुढे मुख्यतः न्यूयॉर्क व व्हरमाँट, असा हा संग्रह आक्रसत गेला. डिट्रॉइट व बफलो-नायगारा येथील नाक्यांची कार्डे वेगळ्या संग्रहांत आहेत. त्याहून महत्त्वाची मर्यादा म्हणजे कॅनडात जन्मलेल्यांची नोंद प्रारंभी होत नसे. ती सर्वसाधारणपणे १९०६ पासून आढळते. क्वेबेकमधून सु. १८४० ते १९३० या काळात सु. ९ लाख लोक अमेरिकेत गेले, असा अंदाज सामान्यतः स्वीकारला जातो. त्यांतील बहुसंख्य लोवेल, फॉल रिव्हर, मँचेस्टर, वूनसॉकेट, लुइस्टन अशा कापडगिरण्यांच्या गावी स्थिरावले. ज्यांच्यासाठी आज या याद्या सर्वाधिक चाळल्या जातात, त्यांतील मोठा भाग अशा रीतीने त्यांत मुळातच नाही. उलट लिव्हरपूलहून क्वेबेकमार्गे शिकागोला गेलेला स्वीडिश शेतमजूर मात्र त्यांत हमखास सापडण्याजोगा आहे.

याद्यांत नाव, वय, व्यवसाय, अक्षरओळख, शेवटचा मुक्काम, गंतव्य स्थान व ज्याच्याकडे जायचे त्या नातलगाचे नाव असते; १९०६-०७ च्या सुमारास जन्मस्थळ व मागे राहिलेल्या जवळच्या नातलगाचे नाव यांची भर पडली. पूर्वी अमेरिकेत राहिला होता काय, असल्यास कधी, हा रकाना सामान्यतः दुर्लक्षिला जातो. वास्तविक गिरणीकामगारांची येजा वारंवार होत असल्याने ‘पहिले आगमन’ शोधणाऱ्याला खरा धागा याच रकान्यात मिळतो.

याद्या ६००हून अधिक सूक्ष्मपट-रिळांवर असून सूचीशिवाय त्यांत शिरता येत नाही. १८९५–१९२४ या काळाची सूची साउंडेक्स या ध्वन्यानुसारी पद्धतीने लावलेली असून ती एकटीच ४०० रिळांची आहे. रॉबर्ट रसेल याने १९१८ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेल्या पद्धतीवर ती आधारलेली आहे. रोमन लिपीतील आडनावाचे पहिले अक्षर कायम ठेवून पुढील व्यंजनांना १ ते ६ अंक द्यायचे, स्वर गाळायचे व तीन अंकांवर थांबायचे, असा तिचा सांगाडा आहे. त्राँब्ले आणि त्याचे अमेरिकन रूप ट्राँबली या दोहोंचा संकेतांक टी-६५१ येतो. येथे पद्धत चोख काम करते. बनवा (Benoit, बी-५३०) या नावाचे उच्चारानुसार बेनवे (Benway, बी-५००) झाले की ती चुकते, कारण मूळ वर्णलेखनातील शेवटचे अनुच्चारित व्यंजन तिला ऐकू येत नाही, फक्त दिसते. ‘ल’, ‘द’ यांसारखे उपपद धरायचे की सोडायचे, याविषयी सूचीकारांत एकवाक्यता नव्हती. लब्लाँ हे नाव एल-१४५ आणि बी-४५२ या दोन्ही ठिकाणी पाहणे भाग पडते. एकाच संकेतांकाखाली कार्डे पहिल्या नावाच्या क्रमाने लावलेली असतात. त्यामुळे व्हँकूव्हरमार्गे वॉशिंग्टन राज्यातील लाकूडगिरण्यांकडे गेलेले पंजाबी मजूर शोधताना सारे सिंग एस-५२० या एकाच ढिगात येतात आणि पहिल्या नावाचे वर्णलेखन निरीक्षकाने कसे केले असेल, यावर सारी भिस्त राहते.

भाषांतरित आडनावांपुढे ही पद्धत हतबल ठरते. ब्वाव्हेर (बी-२१६) याचे ग्रीनवुड (जी-६५३), र्‍वा याचे किंग, लब्लाँ याचे व्हाइट अशी रूपांतरे न्यू इंग्लंडमध्ये सर्रास आढळतात. ‘सीमेवरच्या साहेबाने नाव बदलले’ ही घराघरांतून सांगितली जाणारी कथा पुराव्याला टिकत नाही. बंदरात निरीक्षकापुढे आगबोटीची तयार यादी असे. जमिनीवरील नाक्यावर तो प्रवाशाचे उत्तर ऐकून स्वतः लिही, त्यामुळे वर्णलेखन बिघडणे शक्य होते. परंतु त्या लिखाणाने कोणाचे कायदेशीर नाव ठरत नसे. बदल घडला तो बहुधा गिरणीच्या पगारपत्रकात, शाळेत आणि शेजाऱ्यांच्या तोंडी, तोही हळूहळू. एकाच कुटुंबातील एक भाऊ र्‍वा व दुसरा किंग, अशी उदाहरणेही आढळतात.

त्यात भर पडते ती जोडनावांची. हूदाँ ‘दि’ बोल्यू, मिव्हील ‘दि’ देशेन अशा नावांतील ‘दि’ म्हणजे ‘म्हटला जाणारा’. या प्रथेचे मूळ वादग्रस्त आहे. एका मतानुसार ती सैनिकी टोपणनावांतून आली. १६६५ मध्ये न्यू फ्रान्समध्ये (कॅनडातील तत्कालीन फ्रेंच वसाहतीत) आलेल्या कारिन्याँ-सालिएर पलटणीतील सु. ४०० सैनिक तेथेच स्थायिक झाले व लाफ्लर, लाजनेस, सांसूसी यांसारखी नावे त्या वळणाची आहेत. दुसऱ्या मतानुसार एकाच आडनावाच्या शाखा वेगळ्या ओळखण्यासाठी जमीन, मूळ गाव किंवा पूर्वजाचे नाव जोडले जाई. सैनिक नसलेल्या घराण्यांतही ही प्रथा इतकी रुजलेली दिसते की केवळ सैनिकी मूळ मानणे कठीण जाते. दोन प्रवाह एकत्र आले असावेत. शोधाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की सीमा ओलांडताना यांपैकी कोणताही एक अर्ध टिकून राही. क्वेबेकमधील हूदाँ अमेरिकेत बोल्यू म्हणून सापडू शकतो.

याद्यांत कुटुंब सापडत नसेल, तर क्वेबेकमधील कॅथलिक पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक विभागाच्या) बाप्तिस्मा-नोंदवह्यांचा समास पाहावा. ‘ने तेमेरे’ या पोपच्या आदेशानुसार १९०८ पासून विवाहाची सूचना वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशला पाठवून मूळ नोंदीशेजारी तिची टीप करणे बंधनकारक झाले. त्यामुळे मॅसॅचूसेट्समध्ये झालेल्या लग्नाची तारीख व जोडीदाराचे नाव क्वेबेकमधील खेड्याच्या वहीत मिळू शकते. मात्र नोंदवह्या दोन प्रतींत ठेवल्या जात आणि वर्ष संपल्यावर एक प्रत न्यायालयाकडे जाई. नंतरच्या टिपा सामान्यतः चर्चकडील प्रतीतच असतात. क्वेबेकच्या नोंदींत विवाहित स्त्री माहेरच्या नावाने येते, अमेरिकन कागदपत्रांत सासरच्या. म्हणून स्त्रीकडची वंशरेखा जोडण्यास हे समास विशेष उपयोगी पडतात.

जनगणनेचा आधार खंडित आहे. अमेरिकेच्या १९०० च्या जनगणनेत आगमनाचे वर्ष तसेच ‘कॅनडा (फ्रेंच)’ व ‘कॅनडा (इंग्लिश)’ असा भेद मिळतो. पण १८९० ची पत्रके १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ सर्व नष्ट झाली, त्यामुळे १८८० नंतर वीस वर्षांची पोकळी राहते. नागरिकत्वाच्या कागदांत कॅनडातील मनुष्य ब्रिटिश राजाशी असलेली निष्ठा सोडतो, कारण १९४७ पूर्वी वेगळे कॅनडियन नागरिकत्व नव्हते. यावरून पूर्वज इंग्लंडहून आल्याचे अनुमान काढणे ही नेहमीची चूक होय.

उलट दिशेच्या, म्हणजे अमेरिकेतून कॅनडात येणाऱ्यांच्या नोंदी एप्रिल १९०८ पासून १९३५ पर्यंतच्या असून १९१९–२४ या काळात याद्यांऐवजी सुट्या अर्जांचा वापर झाला. परतणाऱ्या कॅनडियनांची नोंद सहसा होत नसे. अमेरिकन क्रांतीत ब्रिटिश राजाच्या बाजूने राहून १७८३ नंतर उत्तरेकडे गेलेल्या राजनिष्ठांसाठी जमिनीचे अर्ज हेच मुख्य साधन आहे.

सेंट जॉन नदीच्या वरच्या खोऱ्यातील मॅडवास्का वसाहतीत अमेरिका व ब्रिटन यांच्यातील १८४२ च्या तहाने नदी हीच सीमा ठरली व एकाच घराण्याच्या शाखा न हलता दोन देशांत गेल्या. तेथील कुटुंबांच्या बाबतीत आगमनाची नोंद शोधणेच गैरलागू ठरते. सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या अ‍ॅक्वेसॅस्नी येथील मोहॉक या मूळनिवासी लोकांचीही स्थिती अशीच असून अमेरिका व ब्रिटन यांच्यातील १७९४ च्या ‘जे’ (Jay) तहाने मूळनिवासींचा सीमेपलीकडे जाण्यायेण्याचा हक्क मान्य केला होता.