उन्हाळा, खारे पाणी आणि रुग्णालयाची यंत्रे

रुग्णालयासाठी यंत्र खरेदी करताना रुग्णालय आणि पुरवठादार कंपन्यांनी तिथल्या हवा, वीज, पाण्याविषयी आधीच एकमेकांशी बोलायला हवे. ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राचेच पाहा. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर ही हवा दाबाखाली झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या दाण्यांमधून नेतो. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार अशा यंत्राने ४० अंश सेल्सिअसपर्यंत अखंड काम करावे, अशी अपेक्षा असते. चंद्रपूर, वर्धा, अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तापलेला झिओलाइट नायट्रोजन कमी धरतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि पावसाळ्यात हवेतले बाष्प दाण्यांची क्षमता आणखी घटवते. यंत्रावरचा प्रवाहमापक मात्र मिनिटाला पाच लिटरच दाखवत राहतो, कारण तो वायूचा प्रवाह मोजतो, शुद्धता नव्हे. न्यूमोनियाने धाप लागलेल्या बाळाला अपुरा ऑक्सिजन मिळत असल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. शुद्धता ८२ टक्क्यांखाली जाताच इशारा देणारा संवेदक म्हणूनच आवर्जून मागायला हवा.

यंत्राच्या मर्यादा पुरवठादाराला ठाऊक असतात. पण दुपारी वीज किती वेळ जाते, व्होल्टेज कधी खाली येते आणि यंत्र ठेवायच्या खोलीत वारा खेळतो की नाही, हे तिथल्या परिचारिकेला आणि वैद्यकीय अधिकाऱ्यालाच माहीत असते. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत क्लिष्ट व महागड्या यंत्रांच्या खरेदीसाठी निविदापूर्व बैठकीची तरतूद आहे. माझ्या मते त्या बैठकीआधी इच्छुक कंपन्यांच्या अभियंत्यांनी जागा पाहिली पाहिजे आणि रुग्णालयाने व्होल्टेजच्या नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या पाहिजेत. अर्थिंगही तपासावे. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, ओलावा गेला की तिचा विद्युतरोध वाढतो, आणि पावसाळ्यात ठीक वाटलेले अर्थिंग एप्रिलमध्ये निकामी ठरू शकते.

पाण्याचे तर विचारायलाच नको. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पसरलेल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे. असे पाणी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, उकळले की क्षारांचा थर हीटरवर बसतो, उष्णता पाण्यात पोहोचायला वेळ लागतो आणि अखेरीस हीटर जळतो. डायलिसिसमध्ये हा प्रश्न थेट जिवाशी येतो. शुद्ध पाण्यापासून बनणारे डायलिसिसचे द्रावण मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर धरले, तर चार तासांच्या एका डायलिसिसला १२० लिटर शुद्ध पाणी लागते, आणि रक्त व हे पाणी यांच्यामध्ये केवळ एक पातळ पडदा असतो. पाण्याचा तपासणी अहवाल निविदेसोबतच जोडला, तर पुरवठादाराला आरओ संयंत्राची क्षमता आणि त्यातील पडदे किती दिवसांनी बदलावे लागतील, याचा अंदाज आधीच देता येतो.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीत वेगळी अडचण दिसते. साधी विद्राव्यता चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरवायला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. गडचिरोली, गोंदियासारख्या जिल्ह्यांत ही यंत्रे हवीतच. मात्र एचपीएलसीचा स्तंभ, म्हणजे नमुना ज्यातून जातो ती नळी, ठरावीक नमुन्यांनंतर बदलावा लागतो, आणि अनेक यंत्रांना रसायनेही त्याच कंपनीची चालतात. त्यामुळे यंत्राच्या किमतीऐवजी पाच वर्षांत एका तपासणीमागे येणारा खर्च सर्व कंपन्यांकडून लेखी मागवावा. याच ठिकाणी सहकार्याची मर्यादाही पाळावी लागते: एकाच कंपनीला सोयीचे ठरतील असे तांत्रिक निकष तिच्याच प्रतिनिधीने लिहून देणे रुग्णांच्या हिताचे नाही. चर्चा सर्वांसमोर व्हावी, तिचे इतिवृत्त ठेवले जावे.

देखभालीच्या करारात सुटे भाग समाविष्ट आहेत की केवळ अभियंत्याची भेट, हे खरेदीच्या वेळीच स्पष्ट करून घ्यावे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या २०१५ च्या देखभाल कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील यंत्रे ८० टक्के, तर जिल्हा रुग्णालयांतील ९५ टक्के वेळ चालू राहावीत, असे उद्दिष्ट आहे. नागपुरात बसलेल्या अभियंत्याला पर्लकोटा नदीच्या पुरात गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडला पोहोचता येत नाही. अशा ठिकाणी फिल्टर, फ्यूज आणि संवेदक जूनपूर्वीच रुग्णालयात आणून ठेवण्याची, तसेच तिथल्या तंत्रज्ञाला ते बदलायला शिकवण्याची अट करारात घालावी.