इंदूरच्या नळामागचा धूर

रामबागेत आमच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं. पहाटे नळ सूं-सूं करायला लागला की आई आधी माठ भरते, मग पिंप. हे नर्मदेचं पाणी खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून येतं, सुमारे ७० किलोमीटरवरून, आणि पंपांनी विंध्याचा चढ चढून. १९७८ पासून हे चाललंय. त्या पंपांच्या विजेसाठी कुठेतरी कोळसा जळतो. तो धूर कुणाच्या खाती मांडायचा, हा प्रश्न मात्र फार उशिरा पुढे आला.

आधी हिशेब फक्त देशांचा होता. १९९२ च्या रिओ परिषदेतल्या करारानं देशांनी आपापल्या हरितगृह वायूंची मोजदाद कळवायची ठरलं. भारताची पहिली मोजदाद २००४ मध्ये सादर झाली, तीही १९९४ सालची. पण देशाच्या आकड्यावरून एखाद्या महापालिकेनं काय ठरवायचं? शहरं आपापल्या परीनं मोजू लागली, आणि जो तो आपली हद्द आपल्या सोयीनं आखू लागला. अखेर डिसेंबर २०१४ मध्ये शहरांसाठी एक सामायिक जागतिक पद्धत आली. तिच्यात तीन कप्पे आहेत: हद्दीतलं थेट उत्सर्जन, हद्दीत वापरलेली ग्रिडची वीज, आणि शहरापायी हद्दीबाहेर होणारं उत्सर्जन. गणित सोपं आहे, वापर गुणिले उत्सर्जन गुणांक, म्हणजे वापराच्या एकेका युनिटमागे किती वायू सुटतो तो आकडा. खरी कसोटी हद्दीची.

जलूदची वीज नेमकी तिथेच निसटते. पंप शहराबाहेर, म्हणून ते दुसऱ्या कप्प्यात बसत नाहीत, आणि तिसऱ्यातलं बरंचसं मोजणं ऐच्छिक आहे. पाणी आम्ही पितो, बिल आमची महापालिका भरते. ही वीज धरल्याशिवाय इंदूरचा हिशेब पुरा झाला असं मी तरी मानणार नाही.

कचऱ्याचा हिशेब त्यामानानं सरळ. ओला कचरा ढिगात कुजला की मिथेन सुटतो, आणि शंभर वर्षांच्या मापानं तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. इंदूरच्या कचरा डेपोत, देवगुराडियाला, वर्षानुवर्षं असेच ढीग होते. तिथेच फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प, म्हणजे कचऱ्याच्या वायूचं इंधन करणारा प्रकल्प, सुरू झाला.

पाण्याकडे वळायला आणखी एक वर्ष गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेनं ग्रीन बाँडमधून, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीच्या कर्जरोख्यांतून, २४४ कोटी रुपये उभे केले, ते जलूदच्याच ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी.