शत्रूचा ‘स्वभाव’ कुठून येतो?

जगात कुठेही युद्ध पेटले की घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ठरलेले मेसेज सुरू होतात. अमुक देशाचे लोक मुळातच क्रूर, तमुक देशाच्या रक्तातच भित्रेपणा. सकाळच्या ठाणे लोकलमध्येही हेच ऐकू येते. बोलणारी माणसे शिकलेली असतात, मनाने चांगली असतात, म्हणून मला हे जास्त खुपते. ‘राष्ट्राचा स्वभाव’ नावाची गोष्ट मानसशास्त्रज्ञांनी मोजून पाहिली आहे, आणि मोजायला गेल्यावर ती हाती लागलेली नाही.

२००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४९ संस्कृतींमधल्या सुमारे चार हजार लोकांना विचारले, तुमच्या देशातला नेहमीचा माणूस स्वभावाने कसा असतो? त्याच देशांतल्या माणसांच्या व्यक्तिमत्त्वांची मोजमापे आधीच झालेली होती. दोन्ही शेजारी ठेवली तर मेळ बसेना. लोकांनी स्वतःच्याच देशाबद्दल धरलेली प्रतिमा आणि प्रत्यक्ष सरासरी यांचा फारसा संबंध नव्हता.

‘तरी काहीतरी तथ्य असेलच की,’ असे अनेकजण म्हणतात. त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातले उदाहरण देतो. १९३३ मध्ये कॅट्झ आणि ब्रेली या मानसशास्त्रज्ञांनी १०० विद्यार्थ्यांपुढे ८४ विशेषणे ठेवली आणि ती दहा समाजांना लावायला सांगितली. जपानी लोकांसाठी ‘बुद्धिमान’ आणि ‘कष्टाळू’ ही विशेषणे सर्वांत वर आली. महायुद्ध झाले, आणि १९५१ च्या अहवालात त्याच विद्यापीठातल्या मुलांनी त्याच जपान्यांना ‘नकलाकार’ आणि ‘कावेबाज’ ठरवले. १९६० चे दशक सरता सरता ‘कष्टाळू’ पुन्हा पहिल्या जागी आले. पस्तीसेक वर्षांत एका अख्ख्या राष्ट्राचा स्वभाव दोनदा पालटला असे कोणी मानणार नाही. पालटले ते अमेरिका आणि जपानचे संबंध.

प्रचार हे यामागचे एक कारण आहेच. पण प्रचार नसला, मनात तिळमात्र द्वेष नसला, तरीही असे ग्रह तयार होतात. ते कसे, हे दाखवणारा १९७६ चा हॅमिल्टन आणि गिफर्ड यांचा प्रयोग मला मानसशास्त्रातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

त्यांनी लोकांना ३९ वाक्ये वाचायला दिली. प्रत्येक वाक्यात एक माणूस, त्याचा गट आणि त्याने केलेली एक गोष्ट. ‘अ गटातला जॉन आजारी मित्राला भेटायला इस्पितळात गेला’, अशा धर्तीची. गटांना ‘अ’ आणि ‘ब’ यापलीकडे नाव नाही, देश नाही, धर्म नाही. अ गटाची २६ वाक्ये, त्यांत १८ चांगल्या वागण्याची आणि ८ वाईट. ब गटाची १३, त्यांत ९ चांगली आणि ४ वाईट. म्हणजे चांगल्या-वाईटाचे प्रमाण दोन्हीकडे तंतोतंत ९:४. न्यायाने दोन्ही गट सारखेच ठरायला हवेत. पण नंतर विचारल्यावर लोकांना ब गट वाईट वाटला. १२ वाईट वाक्यांपैकी ब ची होती ४, म्हणजे एक तृतीयांश. लोकांनी जवळपास निम्मी ब च्या नावावर टाकली.

हॅमिल्टन आणि गिफर्ड यांचे स्पष्टीकरण असे: ब गट कमी वेळा दिसतो, वाईट वागणूकही कमी वेळा दिसते. दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की त्या डोळ्यांत भरतात, स्मरणात खोल रुततात आणि नंतर आठवायला गेले की त्याच पटकन वर येतात. याला भासमान सहसंबंध म्हणतात, म्हणजे नसलेला संबंध असल्याचा भास.

पुढे १९९१ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ क्लाऊस फिडलर यांनी दाखवले की स्मरणाची ही विशेष करामत नसली तरी चालते, नुसती आकडेमोड पुरते. समजा, दोन्ही गटांबद्दल काहीच माहीत नसताना आपण ‘निम्मे चांगले, निम्मे वाईट’ असे धरून सुरुवात करतो, आणि या पूर्वसमजाचे वजन १० वाक्यांइतके आहे, ५ चांगली, ५ वाईट. आता ती मिळवा. अ गट: (१८+५) भागिले (२६+१०), म्हणजे ६४ टक्के चांगला. ब गट: (९+५) भागिले (१३+१०), म्हणजे ६१ टक्के. खरे प्रमाण दोघांचेही ६९ टक्के! लहान नमुना पूर्वसमजाला पुरेसे हलवू शकत नाही, म्हणून त्याचा अंदाज मध्याकडे जास्त ओढला जातो. मोठा गट ‘बहुतेक चांगला’ आहे हे आपण नीट शिकतो, लहान गटाबाबत तेच शिकणे अर्धवट राहते. याची उलट बाजूही आहे. चांगली वागणूकच विरळ असेल, तर लहान गट अधिक चांगला वाटू लागतो. मूळ दोघा संशोधकांनी दुसऱ्या प्रयोगात हेही पाहिले, आणि तसेच घडले.

हे गणित आता आपल्या जिल्ह्यात आणा. आजचे उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथल्या बराकींमध्ये सिंधी निर्वासितांना वसवले, आणि कॅम्प नंबर एक ते पाच ही नावे आजही पत्त्यांत चालतात. छावणी चालू असतानाचा, युद्धकाळातला कल्याणचा बाजार डोळ्यांपुढे आणा. दिवसभरात गावची शेकडो माणसे, अधूनमधून एखादा परदेशी शिपाई. दोन्हीकडच्या दहांतला एक माणूस दुकानदाराशी हुज्जत घालतो असे धरा. संध्याकाळी घरी सांगितला जाईल तो शिपायाचा किस्सा. गावातल्या माणसाने केले तर ते ‘त्या अमक्याने’ केलेले असते, शिपायाने केले तर ते ‘गोऱ्यांनी’.

शिपाईही त्याच खिडकीतून नागरिकांकडे पाहतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकी सैनिकांनी फ्रान्स मुक्त केला, पण त्यांना दिसलेला फ्रान्स म्हणजे चार वर्षांच्या जर्मन ताब्याने पिचलेला देश, त्यातही दारूचे गुत्ते आणि काळाबाजार. जर्मनीत मात्र ते नीटनेटक्या घरांत उतरले. मित्रराष्ट्राबद्दल त्यांची कुरकुर इतकी वाढली की अमेरिकी लष्कराला ११२ तक्रारींना उत्तरे देणारी पुस्तिका छापावी लागली. शत्रूशी मात्र बोलायचीही बंदी होती. जर्मन नागरिकांशी सलगी केली तर ६५ डॉलर दंड. जून १९४५ मध्ये लहान मुलांपुरती ती सैल करावी लागली आणि ऑक्टोबरपर्यंत ती उठलीच.

सगळाच दुरावा भासमान असतो असे नाही. कल्याणजवळ नेवाळीला ब्रिटिशांनी युद्धकाळात धावपट्टीसाठी शेतजमिनी घेतल्या. त्या जमिनींचा वाद इतका चिघळला की जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले. ही तक्रार स्मरणशक्तीच्या चुकीतून आलेली नाही. युद्धातले अत्याचारही खरे असतात. ते कोणत्या तुकडीने, कोणाच्या हुकमावरून केले हे शोधायचे असते. ‘त्यांचा स्वभावच तसा’ म्हटले की हुकूम देणारा सुटतो.

युद्ध सुरू होताच वाहिन्यांवर देशांच्या कुंडल्या मांडणारे ज्योतिषी बसतात, त्याची मला चीड येते. पण विज्ञानाचा वेष घेतलेली भाकडकथा अधिक घातक असते, आणि आपल्याकडे तिची किंमत मोजली गेली आहे. १८५७ नंतर ब्रिटिशांनी ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत रुजवला. कोणत्या जातीत शौर्य जन्मजात आणि कोणत्या नाही, याच्या याद्या केल्या. १८९० च्या दशकात त्याच आधारावर महारांची सैन्यभरती बंद झाली. हेच लोक पिढ्यानपिढ्या मुंबईच्या फौजेत लढले होते. स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळ बाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. सिद्धांत हलला नाही. १९१७ मध्ये, महायुद्धाला माणसे कमी पडू लागली तेव्हा, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ मध्ये पुन्हा महायुद्ध चालू होते, डॉ. आंबेडकर या भरतीसाठी आग्रह धरून होते, आणि बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली.