वाइन जितकी जुनी तितकी चांगली?

‘जुनी वाइन म्हणजे भारी वाइन’ हे वाक्य इतकं रुळलंय की ते तपासावंसंही कुणाला वाटत नाही. प्रत्यक्षात फ्रान्समधल्या बोर्दोची बहुतेक साधी रेड वाइन पहिल्या काही वर्षांतच प्यायची असते. ठेवली तर फळांचा स्वाद जातो आणि उरतं आंबटपण.

बोर्दोतल्याच पोइयाकसारख्या गावांतल्या नामांकित शातोंची (द्राक्षमळे असलेल्या वाइनघरांची) गोष्ट वेगळी. तिथल्या काबर्ने सोव्हिन्यो द्राक्षांच्या जाड सालीतून भरपूर टॅनिन हे तुरट द्रव्य उतरतं. कोऱ्या कडक चहासारखं जीभ आखडवणारं. बाटलीत वर्षानुवर्षं हे टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना जोडली जातात, त्यांतली काही जड होऊन तळाशी बसतात. म्हणून जुन्या बाटलीत गाळ दिसतो. ती खराबी नव्हे, वाइन हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायची. रंग जांभळट लालवरून विटकरीकडे झुकतो. ब्लॅककरंट या छोट्या काळ्या फळांसारखा वास मागे सरतो आणि देवदार, तंबाखू, चामडं, ओल्या पालापाचोळ्याचा वास पुढे येतो. (चामड्याचा वास आवडायला थोडी सवय लागते, हे खरं.) मधली काही वर्षं तर वाइन गप्पच बसते, ना फळ ना परिपक्वता.

१९६१ किंवा १९८२ सालच्या उत्तम बाटल्या दशकानुदशकं टिकल्या, पण १२-१३ अंशांच्या अंधाऱ्या तळघरात. आपल्याकडे शोकेसमध्ये मिरवणाऱ्या बाटलीने दोन-तीन एप्रिल-मे काढले, तर ती मुरत नाही, शिजते.