पार्श्वभूमी : कुळीथ आपण भाजतो, कीड कच्चाच खाते

भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर कोकणात वाल, कुळीथ, चवळी पेरतात. वाल भिजवून, मोड आणून, सोलून त्याचे बिरडे करायचे. कुळीथ भाजून, भरडून त्याची पिठी. या खटाटोपाने चव तर येतेच, पण आणखी काही साधते. कच्च्या कडधान्यात ट्रिप्सिनला, म्हणजे आतड्यात प्रथिने तोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला), जखडून ठेवणारी प्रथिने असतात. हेच अवरोधक. मोड आले की ते कमी होतात, आचेवर बरेचसे निकामी होतात. किडीला मात्र दाणा कच्चाच पचवावा लागतो.

जीवरसायनशास्त्रज्ञ मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये सोयाबीनमधून असा अवरोधक स्फटिकरूपात वेगळा केला. दोनच वर्षांनी मिकेल आणि स्टँडिश या संशोधकांना सोयाबीनवर वाढवलेल्या काही अळ्या खुरटलेल्या दिसल्या. दापोलीला कृषी विद्यापीठ उभे राहिले त्याच १९७२ साली ग्रीन आणि रायन या संशोधकांनी दाखवले की भुंगेऱ्याने एक पान कुरतडले, तरी टोमॅटो-बटाट्याच्या इतर पानांतही अवरोधक साठू लागतो.

मग गोष्ट चवळीपाशी येते. नायजेरियातल्या इबादानच्या बियाणे-संग्रहातला ‘टीव्हीयू २०२७’ हा वाण भुंग्याला दाद देत नव्हता. त्याचे श्रेय इंग्लंडमधील डरहॅमच्या संशोधकांनी १९७९ मध्ये ट्रिप्सिन-अवरोधकाला दिले. १९८७ मध्ये चवळीतले अवरोधकाचे जनुक तंबाखूत घातले, आणि अळ्यांना ते पीक खाऊन तगणे जड गेले. भुंग्याबाबतचा १९७९ चा निष्कर्ष मात्र पुढे टिकला नाही. कडधान्यातल्या भुंग्याचे आतडे आम्लधर्मी. त्याची मदार ट्रिप्सिनवर नव्हे, तर मुख्यतः सिस्टीन गटाच्या, म्हणजे वेगळ्याच जातीच्या, विकरांवर. पतंगाच्या अळीचे आतडे अल्कधर्मी, तिथे ट्रिप्सिनचे काम. त्या चवळीचे बळ साठवणीच्या प्रथिनांत, व्हिसिलिनमध्ये, असल्याचे नंतर दिसले. बी तपासण्याआधी किडीचे पोट तपासावे, हा धडा मला या साऱ्यात सर्वांत मोलाचा वाटतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हरभऱ्याचे घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीचे पोट तपासले. हरभऱ्याचे अवरोधक ही अळी आपल्या विकरांनी चक्क तोडून टाकते, असे १९९८ मध्ये तिथल्या संशोधकांनी मांडले. त्याआधी १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये दिसले होते की अवरोधक पोटात गेल्यावर काही अळ्या त्याला न जुमानणारी वेगळीच विकरे तयार करतात. म्हणून शोध वळला तो अळीच्या रोजच्या खाण्यात नसलेल्या बियांकडे : चौधारी घेवडा आणि कारले. दोन्हींतले अवरोधक घाटेअळीच्या विकरांना रोखतात. कारल्याच्या त्या जून बिया आपण भाजी चिरताना काढून टाकतो.