घाना आणि आयव्हरी कोस्ट : गुंतवणुकीच्या टक्क्यांमागचा इतिहास

घाना आणि आयव्हरी कोस्ट हे पश्चिम आफ्रिकेतले सख्खे शेजारी. जगातला निम्म्याहून अधिक कोको या दोघांचा. तरी त्यांचे गुंतवणुकीचे आलेख एकावर एक ठेवले, तर बरीच वर्षे एकाच्या चढाशी दुसऱ्याचा उतार येतो. गुंतवणूक म्हणजे इथे शेअर बाजार नव्हे. वर्षभरात उभी राहिलेली बांधकामे, घेतलेली यंत्रे आणि वाहने, शिवाय साठ्यातली वाढ, या सगळ्याला जीडीपीने भागायचे.

पहिली धाव घानाची. १९५७ मध्ये स्वातंत्र्याबरोबर कोकोच्या कमाईची मोठी गंगाजळी हाती आली. घानाचे पहिले नेते क्वामे न्क्रूमा यांनी तेमा बंदर, सरकारी कारखाने आणि अकोसोंबो धरण हाती घेतले. धरणाचे उद्घाटन जानेवारी १९६६ मध्ये झाले आणि पुढच्याच महिन्यात लष्कराने त्यांची सत्ता उलथवली.

आयव्हरी कोस्टची वेळ नंतर आली. तिथे सरकारी निधी शेतकऱ्याला कॉफी-कोकोचा ठरलेला भाव देई आणि जागतिक भावातला वरचा फरक सरकारजमा होई. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलची कॉफी हिमाने जळाली, पाठोपाठ कोकोही कडाडला आणि १९७८ मध्ये गुंतवणूक जीडीपीच्या ३० टक्क्यांच्या घरात गेली. पैशाच्या भरात उत्तरेत साखर कारखाने निघाले. त्यांची साखर बाहेरून आणलेल्या साखरेपेक्षा महाग पडे. भाव कोसळले, कर्ज मात्र राहिले. १९८७ मध्ये हप्ते थांबले आणि १९९० च्या सुमारास गुंतवणुकीचा दर १० टक्क्यांच्या खाली आला. मधल्या काळात सरकारने भाव वाढावा म्हणून कोको अडवून धरला. हिशेबाच्या नियमाने न विकलेला हा मालही साठ्यातली वाढ, म्हणजे गुंतवणूकच!

घानाच्या गुंतवणुकीचा १९८२चा आकडा ४ टक्क्यांच्याही खाली आहे. तो जसाच्या तसा घेऊ नये. तेव्हा सरकारी दराने डॉलर पावणेतीन सेडींना (सेडी हे घानाचे चलन) होता, काळ्या बाजारात त्याच्या कित्येक पट. १०,००० डॉलरचे यंत्र सरकारी दराने आले, की वहीत जेमतेम २७,५०० सेडी. इकडे बाजारातला मका आणि कसावा महागाईच्या भावाने जीडीपीत. अंश आक्रसला, छेद फुगला. घसरण खोटी नव्हती. सुट्या भागांअभावी ट्रक उभे होते आणि कोको चोरवाटांनी शेजारी देशात जात होता. पण एप्रिल १९८३च्या आर्थिक कार्यक्रमानंतर सेडीचे अवमूल्यन झाले, तेव्हा वाढलेल्या टक्क्यांतही काही भाग निव्वळ किमतींचा होता. जानेवारी १९९४ मध्ये फ्रेंच फ्रँकला ५० ऐवजी १०० सीएफए फ्रँक (आयव्हरी कोस्टचे चलन) मोजावे लागू लागले, तेव्हा आयव्हरी कोस्टच्या आकड्यांतही हाच खेळ झाला. म्हणून चालू किमतींच्या दराशेजारी स्थिर किमतींचा, म्हणजे एकाच ठरावीक वर्षाच्या किमतींनी मोजलेला दर मांडावा, आणि साठे वगळून स्थिर भांडवलाचा, म्हणजे फक्त बांधकामे, यंत्रे आणि वाहनांचा वेगळा स्तंभ ठेवावा.

पुढे १९९९चे बंड आणि २००२पासूनचे यादवी युद्ध यांत आयव्हरी कोस्टची गुंतवणूक खुंटली. २०११ नंतर आबिजान शहराचा तिसरा पूल आणि सुब्रेचे २७५ मेगावॅटचे धरण झाले.

घानाच्या मालिकेत आणखी एक सांधा आहे. नोव्हेंबर २०१०मध्ये आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती धरून जीडीपी मोजतात ते वर्ष, १९९३ वरून २००६ वर आणताच जीडीपी सुमारे ६० टक्क्यांनी मोठा निघाला. छेद एवढा वाढल्यावर दर खाली येणारच. त्यासाठी एकही कारखाना बंद पडावा लागला नाही. आपल्याकडे २०१५ मध्ये २०११-१२ आधारवर्षाची जीडीपी मालिका आली, तेव्हा जुने-नवे आकडे जोडताना झालेला घोळ ज्यांनी पाहिला आहे, ते घानाचे जुने-नवे दोन तक्ते सरळ एकाखाली एक चिकटवणार नाहीत.